सुताबाहेरची भिंत

शंभूने लावलेल्या टाइल्सवरून तळवा फिरवा, जोड हाताला लागणार नाही. मी अन्सार, मूळचा रत्नागिरीचा, बहारीनमध्ये टाइल्सची कामं घेतो. शंभू राजापूरकडचा, माझ्याकडे बरीच वर्षं आहे. सरळपणाचं त्याला वेडच म्हणा. नईम भागातल्या आपल्या खोलीत तो दुसऱ्यांच्या चपलासुद्धा ओळीत लावून ठेवतो. गुदैबियात चहाला बसलो, की आधी उठून हॉटेलवाल्याचं कॅलेंडर सरळ करणार. तोवर त्याचा चहा निवतो आणि माझं डोकं तापतं.

या वेडापायी त्याचं बायकोशीही बिनसलं होतं. मंगलावहिनींनी गावी परसातल्या केळींभोवती स्वतः दगड रचून गडगा घातला. ना सिमेंट, ना गवंडी, बाईने एकटीने मान मोडून केलेलं काम. हे महाशय सुट्टीवर गेले, गडगा बघितला आणि म्हणाले, हा दारू पिऊन चाललाय. तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या सुट्टीत तो पाडून चिऱ्यांची सरळ भिंत बांधायची म्हणून इथून फोनवर चिऱ्यांचा ट्रकही सांगून टाकला. वहिनी फोनवर रोज एकच विचारायच्या, माझा गडगा तुमच्या कुठे आड येतोय? हा म्हणायचा, दिसायला बरा नाही. गाडी मी चालवायचो, म्हणून हे सगळं मला ऐकावं लागायचं. मला वहिनींचं पटायचं, पण नवराबायकोच्या मध्ये कोण पडेल?

अशात रिफ्फात फहाद नावाच्या एका अरब साहेबाच्या व्हिलाचं काम आलं. तळघरात होम थिएटर, आणि पडद्यामागची अख्खी भिंत दगडी पट्ट्यांची. पट्ट्या कमीजास्त जाडीच्या, कोणती बोटभर पुढे यावी, कोणती आत राहावी, म्हणजे वरून दिवे सोडले की सावल्या पडतात. शंभूने सूत बांधलं आणि मन लावून काम केलं. मीही खूश होतो. संध्याकाळी फहादने दिवे लावले आणि घोटाळा दिसला. एक पट्टी पुढे, एक मागे, एक पुढे, एक मागे. भिंत कसली, बुद्धिबळाचा पट दिसत होता.

फहाद भला माणूस. त्याने आवाज चढवला नाही. दगड हवा होता, हे तर मशीनने छापल्यासारखं वाटतंय, एवढंच मोडक्या हिंदीत म्हणाला. आवाज मी चढवला. चिकटवायचं केमिकल सुकायच्या आत शंभूने एकेक पट्टी उतरवली, पुसली, आणि जमिनीवर वाकडीतिकडी मांडून बघायला लागला. प्रत्येक वेळी नक्षी आपोआप ओळीत यायची. वाकडं करायला गेलं तरी त्याचा हात ऐकेना. एवढा कसलेला माणूस फरशीवर हताश बसलेला पाहून मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

परत येताना गाडीत त्याने व्हिडिओ कॉल लावला.

"जरा गडगा दाखव," तो म्हणाला.

"कशाला? मापं घ्यायला?" वहिनींचा आवाज कडक होता.

"माझी भिंत साहेबाला पटली नाही, उतरवावी लागली. तू दगड कसे निवडतेस ते सांग."

पलीकडे फोन हलला आणि गडगा दिसायला लागला.

"निवडत नाय मी. हाताला येईल तो घ्यायचा, बसतोय का बघायचा. बसला की त्याच्याकडे परत बघायचं नाय."

दुसऱ्या दिवशी शंभूने सगळ्या पट्ट्यांचा एकच ढीग केला. ओळंबा जवळ ठेवला, पण सूत सोडून टाकलं. ढिगात हात घालायचा, येईल ती पट्टी दाबून बसवायची. मध्येमध्ये त्याची मान मागे वळायची, बसवलेली पट्टी सारखी करायला बोटं शिवशिवायची. तेव्हा मी खाकरायचो. काम संपेपर्यंत माझा घसा बसला.

फहादने पुन्हा दिवे लावले. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. डिझाइन कुठून आणलं, म्हणून त्याने विचारलं. मला वाटलं, शंभू माझं किंवा कॅटलॉगचं नाव घेईल.

"मेरी मिसेस का है," शंभू म्हणाला.

तिथूनच वर अंगणात जाऊन त्याने घरी फोन लावला. फहाद काय म्हणाला ते सांगितलं, आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. वहिनींनी हुं केलं.

"मी चुकलो," तो म्हणाला. "गडगा आहे तसा राहू दे. त्या चिरेवाल्याला नको म्हणून सांग."

"त्याला मी गेल्या महिन्यातच नको म्हणून सांगितलंय," वहिनी म्हणाल्या.