शेवट माझ्या आईचा

ये, इकडे सरक जरा. अशी लांबून, फोन कानाला लावून आत्याशी बोलतात का गो? वर्षातून एकदा आवाज ऐकवतेस, तोही कामापुरता. "आत्या, बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत, आम्ही ग्रंथ काढतोय, तू त्यांच्या चार गोड आठवणी लिहून दे." चार, आणि त्याही गोड! मी काय मिठाईवाली आहे? आहेत तशा लिहिते. पण एक अट आधीच सांगून ठेवते. तुझ्या बाबांच्या ज्या रचनेला देशोदेशी टाळ्या पडल्या, त्या रचनेचा शेवट माझ्या आईचा आहे. तिचं नाव त्या ग्रंथात छापणार असशील तर माझं हे छाप. नसशील तर माझी एक ओळही घेऊ नकोस.

आणि मी त्यांना "ते" वगैरे म्हणणार नाही. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे तो. त्याचं नाक पुसलंय मी.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं, वडखळला उतरून तासभर चालायचं. पोट मिठागरावर. तू मिठागर गाडीतून बघितलंस, पांढरे ढीग नि चकाकतं पाणी. त्याच्या आधीचं काम तुला ठाऊक नाही. वाफ्यात खारं पाणी घ्यायच्या आधी त्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. आठ-दहा बायका ओळीने उभ्या राहायच्या, एकमेकींच्या कमरेला हात, आणि सगळ्यांच्या टाचा एकदम पडायच्या. आई ओळीच्या टोकाला, तिची हाळी. "उचला गो" म्हणाली की पाय सुरू. "वळा गो" म्हणाली की अख्खी ओळ फिरायची. "टेका गो" म्हणाली की थांबायचं. मधे ती मनचं काहीबाही गायची. मुकादमाला टोमणे, सासूचा उद्धार, कुणाच्या नवऱ्याची फजिती, सगळं त्याच ठेक्यात.

नियम एकच. "टेका" ऐकल्याशिवाय ओळ सोडायची नाही. एकीने सोडली तर तेवढा तळ भुसभुशीत राहतो, चिखल वर येतो, मीठ काळं निघतं. मग वर्षभर गाव म्हणतं, हिच्या पायाचं मीठ. पायात शिंपला घुसून रक्त आलं तरी मी ओळ सोडलेली नाही.

चौथीनंतर मी त्या ओळीत गेले आणि पुढे तो पेणच्या शाळेत गेला. त्याच्या जुन्या वह्यांवर गिरवून आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मी चौथीचं अक्षर टिकवलं. याचा राग नाही, तेव्हा तो पोर होता. मोठा झाल्यावर त्याने जे केलं त्याचा राग आहे.

गळा होता त्याला, नाही कशाला म्हणू? भजनात पेटी वाजवता वाजवता मुंबईला एका बुवांकडे गाणं शिकायला गेला. सहा वर्षं शिकला नि त्यांनी हाकलला. का, तर भैरवी चालू असताना हा मधेच भांडं घासल्याचा आवाज काढायचा. म्हणे सुरांच्या मधली जागा शोधतोय. मग जर्मनीला गेला. तिथे म्हणे भांडं घासणाऱ्यांना मान आहे.

तिथून आला तेव्हा माझं लग्न होऊन मी रोह्यात होते. घरी भातशेती, नवरा कंपनीत शिफ्टला. आळीतल्यांनी कौतुकाने त्याचं गाणं देवळात ठेवलं. हा चार तानपुरे घेऊन आला आणि चारही मुद्दाम वेगवेगळे लावले. अर्धा तास नुसती घरघर. माझे सासरे हळूच मला म्हणाले, "सूनबाय, भावाचं लावून झालं की गायला सांग हां."

भावाने ऐकलं. म्हणाला, "हेच गाणं होतं."

"संपलं का?"

"संपलं."

"मग देव पावला," सासरे म्हणाले.

मी पदर तोंडाला लावून हसले. तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही. जग हसलं तर तो त्याला प्रयोग म्हणायचा. बहीण हसली की अपमान.

पुढे त्याला आईची हाळी आठवली. इतकी वर्षं त्याच हाळीने त्याची फी भरली होती, तेव्हा नाही आठवली. टेपरेकॉर्डर घेऊन गावी आला. आईला म्हणाला, ओटीवर बसून म्हण. तिला बसून जमेना. पाय चिखलात नसले तर शब्द कुठून यायचे? शेवटी वाफ्यावर गेले सगळे. आठ दिवस रेकॉर्डिंग चाललं. बायकांनी त्याला डोक्यावर घेतला, बोंबील खाऊ घातले. एकजण आईला म्हणाली, "गो, तुझा पोरगा तुला डब्यात भरून नेतोय!" आई लाजली. इतकी खूश मी तिला माझ्या लग्नातही बघितली नव्हती.

दोन वर्षांनी पेणला एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. मुंबई-पुण्याची माणसं आली, दोन गोरेही आले. आईला स्टेजजवळ खुर्ची दिली, हातात नारळ. तिच्या ओळीतल्या आठजणी पुढे सतरंजीवर. मी रोह्याहून आलेली, आईच्या मागे बसले.

सुरुवातीला पाण्याचे आवाज आणि ते तानपुरे. मग अचानक चारी बाजूंनी आईचा आवाज, "उचला गो!" अंगावर काटा आला माझ्या. खरं ते लिहिते, वाईट नव्हतं ते. बायका एकमेकींना कोपर मारून हसल्या. पुन्हा हाळी आली, पुन्हा आली. मग ओळीतली सगळ्यात म्हातारी उठली. कुणी सांगितलं नाही, तिचे पाय उठले. ती उठली म्हणून शेजारची उठली, कारण एकीला एकटी सोडत नाहीत. बघता बघता आठजणी फरशीवर टाचा मारायला लागल्या. स्पीकरमधून "वळा गो" आलं की वळायच्या. पाहुणे खुर्चीच्या कडेला आले, त्या गोऱ्यांनी कॅमेरे काढले.

पण "टेका गो" येईना. येणार कसं? त्याने ते कापून टाकलं होतं. काम कधी संपत नाही, असा म्हणे त्याचा विचार होता त्यात. विचार करायला याचं काय जातंय? पाय दुसऱ्याचे.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. हसणं थांबलं. म्हातारीचा श्वास फुलला, एकीचा गुडघा आधीच गेलेला, ती ओठ चावत होती. तू म्हणशील, मग थांबायचं की. फरशी होती, कुठे मीठ काळं होणार होतं? पण ज्या पायांनी चाळीस वर्षं हाळीशिवाय ओळ सोडली नाही, ते नाही थांबत गो. आणि आई स्पीकरकडे बघत बसलेली. आपलाच आवाज आता यांना सोडवील म्हणून वाट बघत होती बिचारी.

तो आवाज काही सोडवीना. मग ती उठली. नारळ खाली ठेवला आणि त्या सगळ्या गजराच्या वर चढून ओरडली, "टेका गो!"

सोळा पाय एकदम टेकले. तुझा बाबा मशीनपाशी होता, दचकून त्याने बटण दाबलं. सगळं गप्प. म्हातारी खाली बसली. आणि मग जी टाळी पडली, तशी मी जन्मात ऐकली नाही.

आत गेल्यावर तो आईवर ओरडला. "आई, मोडलंस सगळं! दोन वर्षांचं काम!" आई म्हणाली, "बाबा, त्या पडल्या असत्या." एवढ्यात एक गोरा आत आला, त्याचे हात धरून म्हणाला की असा शेवट आपण कधी ऐकला नाही. तुझ्या बाबाने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "थँक्यू." बस, तेवढाच एक शब्द.

तेव्हापासून प्रत्येक गावात, प्रत्येक देशात त्या रचनेचा शेवट तोच. एक बाई प्रेक्षकांतून उठते आणि ओरडते. लोक लिहितात, काय त्याची कल्पना!

मी भांडले. वडखळच्या स्टँडवर, चारचौघांत. म्हटलं, "शेवट आईचा हाय, तसं लिही."

"ताई, आई थांबा म्हणाली, बाकी काय? संगीत म्हणजे काय ठेवायचं ते ठरवणं. मी ते ठेवलं."

"शेजारणीची कढई मी ठेवून घेतली तर ती माझी होते काय रे?"

"तुला नाय कळायचं."

"व्हय. मी चौथी. तू जर्मनी."

एस.टी. आली, तो चढला. पुढे आईच्या बाराव्याला भेटलो, तेव्हा भटजींमार्फत बोललो.

पण आता तुला ते सांगते जे त्यालाही ठाऊक नाही. त्या दिवशी पेणहून घरी जाताना आईने कार्यक्रमाचा घडीचा कागद माझ्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "गो, यात माजं नाव हाय का?" मी पुढून वाचला, मागून वाचला. त्याचं नाव चार ठिकाणी होतं. तानपुरेवाल्यांचं होतं, मंडपवाल्याचंही होतं. मी एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हाय ना. हे बघ."

ती ओळ मंडपवाल्याची होती.

आईने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मरेपर्यंत जपला. येईल त्या बाईला त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायची. मी माहेरी असताना वाचता येणारं कुणी आलं की मधे पडून चहा आणायची. आणि हाळी द्यायचं तिने सोडलं. आगरावर बोलावलं की म्हणायची, "आता ती टेप बोलते की." दुसरीला हाळी दिली, पण ती ओळ तिच्या ठेक्यात कधी बसली नाही.

तर पोरी, भाऊ चोर आणि मी खोटारडी, असा हा हिशोब. त्याला पंच्याहत्तराव्या वर्षी शाली मिळोत, मी आड येत नाही. पण मी बोट ठेवलं होतं त्या जागी तिचं नाव यायलाच हवं, छापील, ठळक, "शेवट" या शब्दासमोर. बाबांना विचारून ठरवते म्हणू नकोस. त्याला विचारून ते चाळीस वर्षांत झालेलं नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर त्या ओळीतल्या दोघी अजून आहेत. एक आपल्या गावात, एक लेकीकडे खांब गावाला. दोघींचेही कान गेलेत, पण तोंड शाबूत आहे. तारखा बिरखा फोनवर नकोत. रोह्याला उतर, रिक्षावाल्याला तळ्याकाठचं माझं घर सांग. वालाच्या शेंगा भरायला लागल्यात, मडक्यात भाजून पोपटी लावू, पोटभर खा, मग तुला दोघींकडे घेऊन जाते. त्या काही तुझ्या ग्रंथासाठी थांबून राहणार नाहीत, मीही नाही. ये गो, या आठवड्यातच ये.