एकेक ऊस चढवा

शालनआक्का. माझी थोरली बहीण. मागच्या जानेवारीतला दुसरा शनिवार, दुपारच्या जेवणाआधी. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळचा एक फार्म. आक्काच्या डोक्यावर उसाची मोळी होती, आणि पुण्याहून आलेले माझ्या ऑफिसातले लोक रांगेनं येऊन त्या मोळीत एकेक ऊस खोचत होते. खोचला की सेल्फी. मग पुढचा.

खेळाचं नावच तसं होतं, ‘एकेक ऊस चढवा’. ज्याच्या उसानं बाई डगमगेल, तो बाद.

माइकवाला सांगत होता, “ही बीडची ताकद हाय मंडळी. जिममधी मिळत न्हाई.”

लोक हसले. आक्का हसली नाही. तिला हसता येणार नव्हतं, मान ताठ धरावी लागते.

मी तिथं कशी, ते आधी सांगते.

मी पुण्यात एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. खोली बघायला गेले तेव्हा एजंटनं गाव विचारलं. म्हटलं, बीड. तो म्हणाला, “मालकाला नगर सांगा. बीड म्हटलं की तो कुलूपच काढत नाही.” मी नगर सांगितलं. त्या घरात मी आजही नगरची आहे. ऑफिसात मात्र खरं माहीत आहे, म्हणून तिथं रोजचा विनोद. “हिच्याशी वाद घालू नका रे, बीडची आहे, पर्समध्ये कट्टा आहे का तपासा आधी.” मीही हसायचे. हसलं नाही की म्हणतात, बघा, लगेच तापली.

शुक्रवार आला की एकच प्रश्न, “या वीकेंडला कुठं?” मुळशी, लोणावळा, पानशेत. मी म्हणायचे, कपडे धुवायचेत. ते खरंही असायचं. ज्यांचा जन्म त्या शहरात गेला त्यांना दर आठवड्याला तिथून पळायचं असतं. मला अजून आत कुणी घेतलेलं नाही, मी पळू कुठून?

मग आमच्या टीमच्या सरांनी हुरडा पार्टी काढली. मोबाइलवर फार्मचे फोटो दाखवले. बैलगाडी, चुलीवरची भाकरी, ‘अस्सल मराठवाडा’. म्हणाले, “तुझ्याच भागात आहे. या वेळी कपड्यांचं कारण चालणार नाही.”

फार्मचं नाव वाचलं आणि मला आनंद झाला. आक्का तिथंच कामाला होती. भाकरी थापते म्हणून तिनं सांगितलं होतं. वाटलं, चुलीपाशी जाऊन बसेन, तिच्या हातची खाईन.

आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आक्काचा नवरा उसाची ट्रॉली उलटून गेला. त्या वर्षी ती मुकादमाकडं गेली, की मला टोळीत घ्या. मुकादम म्हणाला, “एकटी बाई म्हंजी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला जागा न्हाई, शालनबाई. दुसरं अर्धं घिऊन या.”

दुसरं अर्धं म्हणजे घरात होती ती तिची पोरगी, सोनाली. आठवीतली. आक्कानं तिला दिलं नाही. फार्मवरचं काम धरलं, म्हणून सोनाली चौसाळ्याच्या शाळेत टिकली. एवढंच होतं त्या कामात. भाकरी थापायची की मोळी धरायची, आक्काला विचारलं कोणी?

मी ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोप्यांमध्ये वाढलेली आहे. मोळी घेऊन कुणी उभं राहत नसतं. चालत राहिलं तर निभतं. उभं राहिलं की सगळं वजन मानेत उतरतं. आणि इथं आक्का उभी. खुरपणीला जाताना कधी नेसली नव्हती असली काठाची नऊवारी तिला नेसवलेली, नाकात खोटी नथ. विधवा बाईच्या नाकात नथ, पाहुण्यांना फोटो चांगले यावेत म्हणून.

तिनं मला बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं, ओळख देऊ नको.

तेवढ्यात सरांनी माझ्या हातात ऊस दिला. “तू तर इथलीच. तुझा ऊस जड पडणार बघ.”

टीम ओरडायला लागली. बीड, बीड, बीड.

मी पुढं गेले. ऊस खाली टाकला. आक्काच्या डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी ओढली आणि जमिनीवर पाडली. म्हणाले, “ही माझी बहीण हाय. आता माझ्या डोक्यावर ठिवा. कोन ठिवतंय बघू.”

कुणी ठेवला नाही. कुणी माफीही मागितली नाही. सर म्हणाले, “अगं, गंमत चालली होती.” फार्मचा मालक आला. त्यांच्या घरात दोन पिढ्यांचं राजकारण, आवाज चढवायची गरज पडत नाही. “ताई, तुमी पाहुण्या हायेत, जेवून घ्या. शालन, तू घरी जा. उद्यापसून येऊ नको.”

मला वाटलं आक्का माझा हात धरेल. तिनं नथ काढून मालकाच्या हातात दिली आणि मला म्हणाली, “कावून मधी पडलीस? मान माझी दुखत व्हती का तुझी? तू सोमवारी जाशील फोनवर बोलायला. म्या कुटं जाऊ?”

 

मी तिला म्हटलं, पुण्याला चल, सोनालीला घेऊन. कुठं ठेवणार होते? ज्या घरात मीच नगरची आहे, तिथं? घरं शोधली. बीडच्या दोन बायका आणि एक पोरगी, पुरुष माणूस नाही, हे ऐकून एकानंही दार उघडलं नाही.

या दिवाळीनंतर आक्का टोळीत गेली. सोनाली नववीत होती, तीही गेली. मायलेकी मिळून मुकादमाच्या हिशेबात आता एक पुरा कोयता झाला आहे.

म्हणून हे पत्रक. लोक म्हणतात, गप्प बसली असतीस तर पोरगी शाळेत असती. असती. आणि आक्का दर शनिवारी तुमच्या उसाखाली उभी असती. या दोन्हींतलं एक निवडा म्हणणारे तुम्ही कोण, एवढाच माझा प्रश्न आहे. मी पुन्हा गप्प बसणार नाही. दर शनिवारी मांजरसुंब्याच्या चौकात उभी राहून पुण्याच्या प्रत्येक गाडीच्या काचेतून हे आत टाकणार आहे. काच वर कराल, माहीत आहे.

पण ज्यांच्या हातात हे पडलं, त्यांनी खेळ कुठलाही असो, बाईच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही. मांजरसुंब्याजवळच्या त्या फार्मवर मोळीवाली बाई उभी असेल तर मोळी आधी उतरवा. मग मालकाला सगळ्यांसमोर विचारा, हिच्या आधी इथं शालन होती, तिला कामावर परत कधी घेताय? आणि तो तारीख सांगेपर्यंत जेवायला बसू नका.