शिधापत्रिकेवरचा दीर

कुलस्वामिनीचे स्मरण करून हे चार शब्द लिहावयास घेतो. निमित्त असे की, आमच्या आळीतील एका बाईचे वर्षश्राद्ध परवाच झाले. तिचे नाव येथे लिहीत नाही; आपले नाव छापून यावे असे तिला कधी वाटले नसते.

"ही धाकट्याची."

शेवटची भाकरी तव्यावर टाकताना ती रोज एवढेच म्हणे. घरात खाणारी चार असोत वा दोन, भाकरी एक जास्तीची होई. धाकटा म्हणजे तिचा दीर. सासूने देह ठेवला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. हिने त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढवले, शिकवले. पुढे तो श्रीरामपुरास नोकरीला लागला, तेथेच त्याने संसार थाटला, आणि हळूहळू गावी येईनासा झाला. त्याच्या वाटणीची भाकरी सकाळी गाईपुढे जाई.

"तुझ्या दिरामुळं गाय लई बाळसं धरतीय गं!" आळीतल्या बायका चेष्टा करीत.

"धरू द्या की. कुनाच्या तरी अंगी लागतंय न्हवं," ती म्हणे.

आमचे गाव पाथर्डी तालुक्यातले. दिवाळी सरली की तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जात. मागे ती आणि बारा वर्षांची नात. वैधव्य तिला फार पूर्वीच आले होते. घरात गॅसची टाकी होती, पण भरून आणणे परवडत नसल्याने ती कोपऱ्यात रिकामी पडलेली. स्वयंपाक तुराट्यांच्या जाळावर होई. त्या धुराने तिची छाती इतकी खराब झाली की माझ्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबे. डॉक्टरांनी बजावले, "धूर बंद करा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही."

"मपलं कोन ऐकतंय? तुमीच सांगा त्या धुराला, डाक्टरसाहेब," ती म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत.

अशात एक शासकीय योजना आली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना छपरावर सौरपट्ट्या आणि त्यांवर चालणारी विजेची शेगडी जवळजवळ विनामूल्य मिळणार होती. मी आळीतला भिक्षुक; अक्षर बरे म्हणून अर्ज मी लिहिला, आणि उत्पन्नाच्या चौकशीसाठी तिच्यासोबत तालुक्याच्या कार्यालयातही गेलो. तेथील कारकून बाई समंजस होत्या. त्यांनी शिधापत्रिका पाहिली.

"आजी, यावर दिराचं नाव आहे. काय करतात ते?"

"नोकरीला हाय. कायम हाय," ती अभिमानाने म्हणाली.

"मग त्यांचा पगारही तुमच्या कुटुंबाच्या उत्पन्नात धरावा लागेल. ते वेगळे राहतात का? तुमच्यात जेवतात का?"

वाचकहो, सुटकेची वाट त्या बाईंनी आपण होऊन दाखवली होती. "जेवत नाही" एवढेच म्हणावयाचे होते.

"जेवतो की! रोजची भाकर असती त्याची."

मी मध्ये पडून खुलासा करू लागलो, तो तिने माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प झालो. कारकून बाईंनी नोंद केली. "मग उत्पन्न मर्यादेच्या वर जातं, आजी. कागदावर तुम्ही श्रीमंत आहात."

ती खोकला येईपर्यंत हसली. "गुर्जी, आळीत बोलू नका बरं. उद्यापासून उसनी साखर मागाया रांग लागंल."

निघताना बाईंनी उपाय सांगितला. दीर विभक्त असल्याचे दोघांच्या सहीचे प्रतिज्ञापत्र आणावे, म्हणजे त्याचे नाव कमी होईल आणि घर योजनेत बसेल. परतीच्या जीपमध्ये तिने शिधापत्रिका पुन्हा उघडली.

"विभक्त म्हंजी चूल वेगळी, असंच ना?"

"कागदापुरते," मी म्हणालो.

"मग न्हाई. सासूनं मपल्या पदरात टाकलेलं पोर हाय. घरात त्याचं तेवढं नावच उरलंय, गुर्जी. ते बी म्याच काढू?"

मी आग्रह धरला नाही. तिच्या निष्ठेपुढे मान लवावी असेच मला तेव्हा वाटले. मान लवणे सोपे होते; धूर माझ्या घरात नव्हता.

मार्गशीर्षात नातही खोकू लागली. तेव्हा मात्र आजी स्वतः मला म्हणाली, "लिव्हा त्यो कागद." कागद पिशवीत घालून ती एकटी एस.टी.ने श्रीरामपुरास गेली आणि संध्याकाळी परतली. ओट्यावर बसून तिने सही दाखवली.

"वाचलं बी न्हाई त्यानं. म्हनला, बरं झालं वहिनी, मला बी हितं वेगळं कार्ड पायजेच हुतं." थोडा दम घेऊन ती पुढे म्हणाली, "चहा दिला चांगला. संक्रांतीला येतो म्हनला. तवर कागद तुमच्यापाशी ठिवा. त्यो आला, घरात जेवला, की मग द्या."

मी तो कागद पोथीच्या कापडात ठेवला. दुसऱ्या दिवशीच तो तालुक्याला नेऊन देता आला असता. सह्या दोन्ही झाल्या होत्या. पण दिलेला शब्द मोडणे मला अधर्म वाटले. संक्रांत आली. तिने तिळाची पोळी केली, दारात बसून राहिली. दीर आला नाही. "रजा मिळाली नसंल," ती म्हणाली. माघात एका पहाटे चूल पेटवता पेटवता तिचा श्वास अडकला. नातीची हाक ऐकून मी धावलो. तोवर सारे संपले होते.

अर्जदारच गेल्याने प्रतिज्ञापत्र निरर्थक ठरले. मुलगा दिवसकार्य उरकून पुन्हा उसाच्या फडावर गेला; चैत्रात परतला, तेव्हा योजनेची मुदतही उलटली होती. यंदा योजना पुन्हा आली. मी नवा कागद लिहून त्याच्यापुढे ठेवला. तो कितीतरी वेळ शिधापत्रिकेकडे पाहत राहिला. आईचे नाव लाल शाईने खोडलेले होते. चुलत्याचे मात्र जसेच्या तसे होते.

"आईनं जितेपनी न्हाई काढलं, गुर्जी. म्या कसं काढू?"

या वेळी मी मान लववली नाही. हात जोडले, मुलीची शपथ घातली, तिचा खोकला त्याला ऐकवला. तो उठून गेला. दिवाळीनंतर नवराबायको ऊसतोडीला गेली. आता त्या चुलीपुढे नात बसते आणि फुंकणीने जाळ फुलवते. तिचा खोकला मला पूजेच्या वेळीही ऐकू येतो, आणि संकल्पाचे शब्द अर्ध्यावर थांबतात.

वाचकहो, आपल्या घरी अन्न रांधणाऱ्या हातांना जगदंबा दीर्घायुष्य देवो, त्यांचा श्वास मोकळा राहो, आणि आपल्या घरातून गेलेले माणूस जिवंतपणी एकदा तरी आपल्या पंगतीला येवो. शुभं भवतु.