गच्चीवरचा पालाश

गच्चीवर भात लावला की दाणे मूठभर आणि किस्से पोतंभर येतात! निदान आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तरी असंच झालंय. भात लावणारे आम्ही तिघं: मी, बँकेतली नेहा आणि तळमजल्यावरचे सावंतकाका, मूळचे मालवणकडचे.

*

पहिल्या वर्षी आम्ही टबांत नुसता युरिया घातला. भात असला हिरवागार झाला, की अख्खी बिल्डिंग सेल्फी काढायला वर! पुढे खालच्या पानांच्या कडा करपल्या. ऊन लागलं असेल म्हणून मी जुनी साडी बांधून सावली केली. जोराचा वारा आला, भात आडवा आणि साडी शेजारच्या टॉवरवर!

नेहा म्हणाली, "अगं, पालाश कमी पडलाय. पोटॅश! त्याच्याशिवाय रोपं ताठ उभी राहत नाहीत."

*

मग सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला, 'केळ्याच्या सालीत पालाश असतो, साली आम्हाला द्या.' लोक नुसते पेटले! आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचा फोन. "ताई, बाबांची शुगर वाढली ना! भाताला आता पुरे का?"

*

काकांचा सालींवर भरवसा नव्हता. गावी पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण जाळून राब भाजतात, त्या राखेतून पालाश मिळतो. काकांनी राब गच्चीवर भाजला. प्लास्टिकच्या टबात!

धूर बघून सेक्रेटरी प्रधान धावत आले. काका खुशीत म्हणाले, "झाली मगे राख!"

"टबाची झाली, काका!"

*

उरलेल्या टबांत काकांनी तीच राख मिसळली आणि काय सांगू, भात ताठ उभा! दसऱ्याला काकांनी दाराला स्वतःच्या लोंब्या बांधल्या आणि चक्क रडले. मलाही भरून आलं.

प्रधान मात्र धूर विसरले नव्हते. "यापुढे बाहेरचं खत-बित वर येणार नाही. आणि भात पुन्हा आडवा झाला तर टब भंगारात!"

*

आता उरला पेंढा. भाताने घेतलेला बहुतेक पालाश पेंढ्यातच राहतो, म्हणजे पुढच्या वर्षीची सगळी भिस्त त्याच्यावर. तो चिरून टबांत घालायचं ठरलं आणि नेमका प्रधानांनी गच्ची साफ करताना तो आरेच्या दूधवाल्याला देऊन टाकला!

"वाट लागली यार!" नेहा किंचाळली. काका रिक्षा पकडून थेट आरेला.

संध्याकाळी परतले, तेव्हा हातात पेंढा नव्हता. पाण्याचा मोठा कॅन होता, बूच घट्ट लावलेला, तरी वास लिफ्टभर. प्रधान आडवे आले. "काका, बाहेरचं खत चालणार नाही!"

"भायरचा खंय? आपलोच पेंढो आसा ह्यो! म्हशीन खाल्ल्यान, म्हणान वायच थांबाक लागला."