कणकेवरची बोटं

निजामाच्या अमलात, माझ्या तरुणपणी, नळदुर्गात दर सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळात आमचं भजन चालायचं. पखवाज माझ्याकडं. एक माणूस शिंदीच्या दुकानातून यायचा आणि बाहेर पायरीवर बसायचा. डोळे मिटलेले, मांडीवर बोटं चाललेली. माझा ताल चुकला की त्याचं बोट हवेत थांबायचं, मी सावरेपर्यंत.

कुणी म्हणे हैदराबादेत उस्तादाकडं शिकलाय, कुणी म्हणे नाटक कंपनीतून पळालाय. मला राहवेना. एकदा विचारलंच, "आत का येत नाही तुम्ही?"

"पिऊन वाद्याला शिवायचं न्हाय. एवढं एकच पाळलंय म्या."

एका सोमवारी तो न पिता आला, थेट आत. हात थरथरत होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक त्यानं स्वतः मळली, नीट थापली आणि एक थाप मारली. टाळ आपोआप थांबले. माझ्या पखवाजात असा घुमारा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

उजव्या हाताची थाप मात्र काठावर घसरली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. तो हसला.

"पिलं तर वाजवायचं न्हाय, अन् न्हाय पिलं तर हात ऐकत न्हाय. तुम्हीच वाजवा."

तो दुकानाच्या वाटेनं गेला. परत पायरीवर कधी दिसला नाही.

भजन झालं की कणीक खरवडून गाईला घालायची रीत. त्या दिवशी कणकेच्या कडेला त्याची बोटं उमटली होती. गाय बराच वेळ दारात उभी राहिली. माझा हात काही धजला नाही.