बद्रीमामांची सही

फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यात बद्रीनाथमामांची पिठाची गिरणी आहे. ती अगदी रस्त्याला लागून आहे, हीच काय ती तिची चूक. गल्लीत असती, तर सहा वर्षांपूर्वी पोलिसांची गाडी तिच्या दारात थांबली नसती.

"मामा, पाच मिन्टं चला. पंच पाहिजे," हवालदार म्हणाला.

पंच म्हटलं की आपल्याकडं माणूस थोडा फुगतोच. मामांना वाटलं, चार लोकांत आपल्याला मान आहे. पट्टा बंद करून ते गेले. ठाण्यात टेबलावर एक लोखंडी गज पोत्यात गुंडाळून ठेवला होता आणि शेजारी कागद लिहून तयार होता. चष्मा गिरणीवर राहिला होता. हवालदारानं बोट ठेवलं तिथं मामांनी सही केली, चहा घेतला आणि परत येऊन राहिलेली ज्वारी दळली.

तो गज गावातल्याच सरिताच्या नवऱ्याच्या डोक्यात बसला होता आणि तो जागीच गेला होता. बांधाच्या भांडणात शेजारच्या शेतातल्या ऋतुराजनं त्याचा जीव घेतला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मारताना बघितलं कुणीच नव्हतं. आणि गावाला माहीत असणं वेगळं, कोर्टात शाबित होणं वेगळं. आरोपी पोलिसांपुढं काय कबूल करतो त्याला कोर्ट विचारत नाही. मात्र लपवलेली वस्तू त्यानं दोन त्रयस्थ माणसांदेखत काढून दिली, तर तेवढी गोष्ट धरली जाते. ती त्रयस्थ माणसं म्हणजे पंच. दुसरा पंच मागंच वारला होता. म्हणजे सगळा खटला येऊन टेकला तो बद्रीमामांवर.

हे मामांना कळेपर्यंत अदालत रोडवरच्या कोर्टाच्या सात चकरा झाल्या होत्या. कधी आरोपीचा वकील आजारी, कधी संप, कधी नुसतीच पुढची तारीख. दर वेळी गिरणी बंद, दर वेळी तोच पांढरा शर्ट आणि व्हरांड्यात दुपारपर्यंत ताटकळणं. गुडघे तर पार कामातून गेले होते. सरिताही दर तारखेला यायची. "मामा, तुमच्यावरच हाय आता सगळं," एवढं म्हणायची आणि भिंतीला टेकून बसायची.

आठव्या तारखेला पुकारा झाला. आत जाण्यापूर्वी सरकारी वकिलांनी मामांना पंचनाम्याची नक्कल वाचायला दिली. आरोपीनं आपल्या गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीतून पंचांसमक्ष गज काढून दिला, असं त्यात लिहिलं होतं. मामांनी तो गोठा जन्मात पाहिला नव्हता. तरी त्यांनी ठरवलं, 'व्हय' म्हणायचं. बाईला न्याय मिळेल आणि आपली सुटका होईल.

शपथ झाली. वकिलांनी विचारलं, "आरोपीनं गज कुठून काढून दिला?"

मामांनी ती कडब्याची गंजी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. आली नाही. टेबल तेवढं आलं. आणि थकलेल्या माणसाला खोटं सांभाळायचंही त्राण उरत नाही.

"साहेब, मी नाय पाहिलं. गज ठाण्यात टेबलावर व्हता. मी नुसती सही केली."

वकिलांनी कपाळावर हात मारला नाही एवढंच. "साक्षीदार फितूर झाला आहे. उलटतपासणीची परवानगी असावी," ते न्यायाधीशांना म्हणाले.

फितूर! किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणाऱ्याला म्हणतात तो शब्द. मामांचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर खरं बोललो, तर नाव हे पडलं. पुढचा अर्धा तास त्यांच्याच बाजूचा वकील त्यांना सोलत होता. "आरोपीकडून पैसे घेतलेत?" "नाय." "सही तुमचीच ना?" "माझीच." पिंजऱ्यातला ऋतुराज मान खाली घालून ऐकत होता. आता संशय उरला होता, आणि संशयाचा फायदा कायद्यानं त्याचाच.

वकिलांकडून सगळं ऐकून सरिता व्हरांड्यात उभी होती.

"मामा, आज खोटं बोलले का?"

"नाय गं बाई. आज खरंच बोललो."

"मंग तो कागद?"

"तो खोटा व्हता. न बघता सही केली मी. लई चुकलो."

ती रडेल, शिव्या देईल, असं मामांना वाटलं. तिनं पिशवी उचलून खांद्याला लावली.

"सहा वर्सं त्या सहीच्या भरवशावर तारखा केल्या मी," ती म्हणाली. "वकील म्हणतो तुमी आज फितूर झाले. आज नाय, मामा. तुमी तवाच झाले व्हते."

फुलंब्रीच्या गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी होती. बद्रीमामा गावापर्यंत उभे राहिले.