आईनं घातलेल्या वेण्या

"थांब, थांब. अशी नको," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या वेणीची लाल रिबीन खसकन ओढली.

मी तेव्हा दुसरीत. पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या कडेला आमची पत्र्याची खोली. मिशनच्या वसतिगृहात मला नुकतंच घेतलं होतं. परदेशातलं कुणी कुटुंब माझा खर्च उचलणार होतं, त्यांना पाठवायला फोटो हवा होता. फोटो म्हटल्यावर आईनं त्या दिवशी खुरपणीचा खाडा केला. खोबरेल चोपडून इतक्या ताणून दोन वेण्या घातल्या की माझ्या भुवया वर चढल्या. नाताळचा फ्रॉक. पावडर. शेजारणीकडून मागून आणलेल्या तिच्या पोरीच्या चपला.

वसतिगृहाच्या मॅडमनी सगळं उतरवलं. वेण्या सोडल्या, केस हातानं विस्कटले, चपला काढायला लावल्या. फ्रॉकच्या जागी कुठला तरी उसवलेला झगा. "हसू नको गं," मला म्हणाल्या. आणि फोटोवाल्याला, "आता कशी गरीब दिसते!"

अहो, आम्ही गरीब होतोच की! दिसायचं वेगळं काय राहिलं होतं?

आई फाटकापाशी उभी. मुठीत माझ्या रिबिनी. ती एवढंच म्हणाली, "म्याडम, म्या चांगली इंचरून आणलीया तिला."

"तेच तर चुकलं तुमचं. मुलीला दोन वेळ जेवायला मिळावं असं वाटतंय ना?"

आईनं रिबिनी कमरेला खोचल्या. पुढे दर वर्षी फोटोच्या दिवशी ती यायची, आणि स्वतःच्या हातानं माझ्या वेण्या सोडायची. तेवढं शिकवलं तिला त्यांनी.

आज मी सदाशिव पेठेत अशाच एका ख्रिस्ती संस्थेच्या ऑफिसात बसते. आफ्रिकेतल्या निराधार मुलांसाठी, तिथल्या गरीब वस्त्यांसाठी आम्ही देणग्या गोळा करतो. पत्रकं, कॅलेंडर, फोटो सगळं माझ्याकडे. काम खोटं नाही. तिकडे शाळा चालतात, विहिरी होतात. म्हणून तर मी इथे टिकले.

परवा युगांडाहून ग्रेसनं, आमच्या तिथल्या कार्यकर्तीनं, एका मुलीचा फोटो पाठवला. बाप गेलेला, आई दुसऱ्यांच्या शेतात राबते. पण पोरगी काय नटलेली! डोकंभर बारीक बारीक वेण्या, टोकाला रंगीत मणी, आणि तोंडभर हसू. आईनं अख्खी दुपार बसून घातल्यात, असं ग्रेसनं खाली लिहिलं होतं.

आमच्या सरांनी फोटो बघितला. चष्मा कपाळावर चढवला.

"लग्नाला निघालीय का ही? हिला बघून कोण देणगी देणार? त्या बाईंना कळवा, वेण्या सोडा म्हणावं आणि परत काढा."

खरं सांगते, माझ्या डोक्याची कातडी ओढल्यासारखी झाली. आई फाटकापाशी उभी दिसली.

"मी नाही कळवणार."

"अहो, मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे."

पुन्हा तेच! पोट दाखवायचं आणि मान खाली घालायला लावायची. मी उठून उभी राहिले.

"मी असल्याच फोटोवर जेवलेय, सर. म्हणूनच सांगते. येशूनं भाकरी वाटली, तेव्हा आधी लोकांचे केस विस्कटले नव्हते."

सर लाल झाले. मग एकदम गार आवाजात म्हणाले, "आपल्याला जमत नसेल तर दुसरं कोणी बघेल. आपण विचार करा."

विचार? तो दुसरीतच करून झालाय.

त्यांच्यासमोरच ग्रेसला फोन लावला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, परत फोटो काढायला कुणीही सांगितलं तरी काढायचा नाही. ऑफिसातून दुसऱ्या कुणाचा फोन आला तरी नाही. आणि त्या आईला सांग, वेण्या फार सुरेख घातल्यात. माझ्या आईला हे कुणी म्हटलं नव्हतं.

नोकरी जाईल? जाऊ दे. दुसऱ्या दारात उभी राहून हेच बोलेन. द्यायचं असेल तर पोरीला हसताना बघून द्या. नसेल द्यायचं, तर नका देऊ. तिच्या वेणीला हात लावायचा नाही.